तो म्हणला का मी येतो

वऱ्हाडात निरोप सांगत नाहीत, करून दाखवतात. अमरावतीत घरातला नळ गळायला लागला आणि पोट्ट्याला प्लंबरकडे पिटाळलं, तर परत येऊन "तो आज येणार नाही" एवढ्यावर ते भागवेल हे शक्य नाही. ते आधी स्वतः प्लंबर होईल. दारातच उकिडवं बसेल, काडीने कान कोरेल आणि मान वर न करता म्हणेल, "सांग तुह्या बुढ्याले, आज टाईम नाई. उद्या पाह्यतो. अन् मागचे पैसे काढून ठेव म्हना!" मग उठून उभं राहील, पुन्हा पोट्टं होईल आणि सांगेल, "असं म्हनला तो." ऐकणाऱ्याला तोवर प्लंबर दिसलेला असतो, त्याची काडी दिसलेली असते आणि मागचे पैसे किती, हेही न सांगता आठवलेलं असतं.

हेच पोट्टं पुढे दहावीला बसतं. इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' खाली एक वाक्य येतं आणि कंसात हुकूम असतो, इनडायरेक्ट स्पीच करा. ट्यूशनच्या सरांनी मंत्र दिलेलाच असतो: इनव्हर्टेड कॉमा काढा, दॅट टाका, टेन्स एक पायरी मागं न्या. पोट्टं इमानदारीत कॉमा काढतं. कॉमाबरोबर काडी जाते, बुढा जातो, मागचे पैसे जातात. उरतं ते असं: ही सेड दॅट ही डिड नॉट हॅव टाइम दॅट डे अँड दॅट ही वुड सी द नेक्स्ट डे. हा प्लंबर आपल्याकडचा नाहीच. हा कोट घालून, हॅट हातात धरून बोलतो. याचे पैसे कोणी थकवले असतील असं वाटतसुद्धा नाही.

वऱ्हाडी माणसाचं इनडायरेक्टशी जे वाकडं आहे ते असं स्वभावातूनच आलेलं आहे. दुसऱ्याचं बोलणं त्याच्या अंगावरून उतरवून घ्यायचं, धुवायचं, इस्त्री करायची आणि घडी घालून समोरच्याच्या हातात द्यायचं, ही परीटघडीची रीत त्याला मुळात पटत नाही. बोलणं ज्याचं आहे त्याच्या घामासकट यायला पाहिजे. नाहीतर मग बोलला कशाला तो?

नियम तर सगळे या रीतीच्या उलट. 'नाऊ'चं 'देन' करा, 'हिअर'चं 'देअर', 'टुडे'चं 'दॅट डे', 'धिस'चं 'दॅट'. बोलणाऱ्याच्या हाताशी जे जे असेल ते उचलून लांब ठेवा. अकोल्यातला माणूस म्हणतो, "अठी लय ऊन हाये." हे वाक्य इनडायरेक्ट करणारा मुलगाही अकोल्यातच बसलेला असतो, उत्तरपत्रिका मनगटाला चिकटत असते, डोक्यावरचा पंखा गरम हवा खाली ढकलत असतो आणि तो लिहितो की 'तिथे' फार ऊन 'होतं'. परीक्षेत खोटं लिहू नये असं मुलांना सांगतात आणि हे लिहिलं की मार्क देतात.

यातून सुटका एकच, युनिव्हर्सल ट्रुथ. पृथ्वी गोल आहे, सूर्य पूर्वेला उगवतो, ही वाक्यं कोणी का बोललेली असेनात, त्यांचा टेन्स हलत नाही. अकोल्याचं ऊन या यादीत कोणी घातलं नाही याचं मला नवल वाटतं. मे २०२४ मध्ये तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावलं. हे कलम सहसा दंगलीसाठी बाहेर काढतात, अकोल्यात ते सूर्यासाठी काढावं लागलं. खासगी कोचिंग क्लासेसनी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वर्ग भरवू नयेत, असंही त्या आदेशात होतं. मुलांना टेन्स मागं न्यायला शिकवणाऱ्या सरांवर आपला वर्गच पहाटेकडे मागं न्यायची पाळी आली. अशाच एका भल्या पहाटेच्या वर्गात एका पोरीने विचारलं म्हणतात, "सर, अकोला इज हॉट, हे युनिव्हर्सल ट्रुथ होय का?" सर घाम पुसत म्हणाले, "नाही. लोकल ट्रुथ. टेन्स बदलव."

पायऱ्या उतरता उतरता मुलं शेवटी 'हॅड हॅड'पाशी येतात. मूळ वाक्यात एक 'हॅड' असतो, पायरी उतरली की त्याला आणखी एक चिकटतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही छापखान्याची चूक वाटते. हुशार मुलं तर आपणहून एक खोडून टाकतात. एका माउलीने लेकाच्या वहीत जोडीने बसलेले दोन हॅड पाहिले आणि विचारलं, "दोनदा काहून लेहलं? शाई फुकट येते का?" लेक म्हणाला, "आई, एक मालक हाये, एक गडी." व्याकरणात एकाला साहाय्यक क्रियापद म्हणतात नि दुसऱ्याला मुख्य. मुलाची व्याख्या मला अधिक बरी वाटते, कारण कोणाला किती काम पडतं तेही तीत येतं.

ही सगळी शिस्त आपल्याकडे ज्या लाल पुस्तकातून पसरली ते रेन आणि मार्टिन यांचं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आजोबांच्या पिढीची, नवनीतचं गाईड आणि एकवीस अपेक्षित सगळ्या पिढ्यांचं. पण रेन-मार्टिन ज्याच्या घरात, तो घराणेदार. यातले पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन हे इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये मुंबई इलाख्यात नोकरीला होते आणि व्याकरणाखेरीज साहसकथा लिहीत. १९२४ मधली त्यांची 'बो जेस्ट' ही कादंबरी जगभर गाजली. तिच्यातले तीन भाऊ घर सोडून थेट फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये, आफ्रिकेच्या वाळवंटात भरती होतात. एक मौल्यवान नीलमणी नाहीसा होतो म्हणून ते पळतात, असं कादंबरी सांगते. मला शंका आहे की घरात याच लेखकाचं दुसरं पुस्तक असावं आणि सोमवारी चाचणी असावी.

आता या लेखाच्या मथळ्यातल्या वाक्याकडे येऊ. 'तो म्हणला का मी येतो.' इंग्रजीच्या सरांना या वाक्याने भोवळ येते. येतो कोण? तो की मी? पुण्याकडे 'की' असतो तिथे आमच्याकडे 'का' असतो, त्यामुळे प्रश्न विचारला की निरोप दिला, हेही बाहेरच्याला उमगत नाही. सरांकडे यावर औषध आहे. एसओएन, वन-टू-थ्री. फर्स्ट पर्सन सब्जेक्टप्रमाणे बदला, सेकंड ऑब्जेक्टप्रमाणे, थर्डमध्ये नो चेंज. मुलं हे सूत्र दत्ताच्या आरतीसारख्या चालीत म्हणतात. वऱ्हाडी माणसाला सूत्र लागत नाही. 'मी' म्हणताना हात स्वतःच्या छातीवर गेला तर बोलणारा येतो, हात हवेत दाराच्या दिशेने गेला तर तो येतो. टेलिफोनवर हात दिसत नाही, म्हणून आमच्याकडे बसस्टँडवर कोणाला घ्यायला कोण गेलं याचे घोटाळे होतात. ते टेलिफोनचे घोटाळे, आमच्या भाषेचे नाहीत.

या 'मी'चं खरं वैभव पाहायचं असेल तर लग्नाच्या बैठकीत बसावं. मध्यस्थ दोन्ही घरचा पाहुणा असतो. तो मुलीकडच्या ओसरीवर मांडी ठोकतो, रुमालाने मान पुसतो आणि मुलाची आई होतो. "पोराची माय म्हनते का मले काही नाई लागत. देवानं सारं देल्लं. फकस्त माह्या लेकाचे पाच मित्र येतीन, त्याईच्या मानपानात कमी नोका करू." त्यावर मुलीचा बाप मध्यस्थाच्या मिशांकडे बघत म्हणतो, "बाई, असं कसं म्हनता? पाच म्हनता अन् पन्नास आनता तुमी." मध्यस्थ पदर सावरल्यासारखा रुमाल सावरतो आणि तिच्याच वतीने रुसतो. "माह्यावर भरवसाच नाई तं रायलं मंग!" आतून चहा येतो, तो मात्र तो स्वतःच्या वतीने पितो. या साऱ्याचं इनडायरेक्ट केलं तर काय हाती लागेल? शी सेड दॅट शी डिड नॉट वॉन्ट एनीथिंग. एवढ्या वाक्यावर विसंबून वधूपित्याने पन्नास पानं कमी मांडली तर त्या घरात पुढे दहा वर्षं काय ऐकावं लागेल ते रेन-मार्टिनमध्ये दिलेलं नाही.

उद्गारवाचक वाक्यांचं तर विचारूच नका. पुस्तक म्हणतं, 'एक्स्क्लेम्ड' लिहा आणि पुढे 'विथ जॉय', 'विथ सॉरो' किंवा 'विथ सरप्राइज' यातलं एक निवडा. अमरावतीत गिल्या वड्याच्या गाडीपाशी माणूस उभा राहतो, कढई पाहतो, पुढची रांग पाहतो आणि म्हणतो, "बाप्पा बाप्पा बाप्पा!" वडा आहे याचा आनंद, रांग आहे याचं दुःख आणि एवढ्या उन्हात एवढे लोक वडा खायला आले याचं आश्चर्य, तीन बाप्पांत तिन्ही आली. पेपरमध्ये मात्र एकच लिहायचं असतं, तिन्ही लिहिली तर मार्क शून्य. आज्ञार्थाचंही तसंच. सांगितलं, हुकूम केला, विनंती केली, सल्ला दिला, यांना इंग्रजीत वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि योग्य ते निवडावं लागतं. आमच्याकडे "बस ना बे!" हा हुकूम असतो, विनंतीही असते, दुपारी एकच्या सुमाराला तो वैद्यकीय सल्लाही असतो. कोणता ते बसल्यावर कळतं.

पण वऱ्हाडी माणसाचं ब्रह्मास्त्र वेगळंच आहे. ते म्हणजे वाक्याच्या शेपटीला लटकवलेलं 'म्हने'. "कापूस दहा हजारावर चाल्ला म्हने." "तहसीलदाराची बदली होऊन राह्यली म्हने." कोण म्हणे? कधी म्हणे? कर्ता नाही, काळ नाही, जबाबदारी नाही. इंग्रजीत रिपोर्टिंग व्हर्ब वाक्याच्या आधी उभं राहतं आणि मागच्या साऱ्या क्रियापदांना पायरी उतरवतं. आमचं 'म्हने' शेवटी येतं, कोणाला काही करायला लावत नाही, फक्त बोलणाऱ्याला सुखरूप बाहेर काढतं.

कोर्टात मात्र हे अस्त्र चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६० सांगायचं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिलेलं पाहणाऱ्याने सांगावं, ऐकलेलं ऐकणाऱ्याने. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण 'म्हने'ला पिंजऱ्यात अजून जागा मिळालेली नाही. वकील विचारतो, "भांडण तुम्ही स्वतः पाहिलं का?" साक्षीदार म्हणतो, "अख्ख्या गावानं पाह्यलं म्हने." "तुम्ही कुठे होता?" "मी वावरात होतो म्हने." स्वतःबद्दलही ऐकीव माहिती देणारा साक्षीदार मी वऱ्हाडाबाहेर पाहिलेला नाही. त्याचा जबाब शेवटी कागदावर उतरतो तेव्हा त्यात 'हे म्हणणे खरे नाही की' या साच्यातली एकामागून एक वाक्यं असतात आणि गावचा माणूस त्याखाली अंगठा उठवताना पाहत राहतो, की इतकं शुद्ध आपण कधी बोललो.

मराठी विनोदी लेखाचा पाया घालणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वकिली केली ती याच मुलखात, अकोला, खामगाव, जळगाव जामोद इकडे. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणाऱ्याला अशिलांकडून कच्चा माल किती मिळाला असेल याचा मला कायम हेवा वाटतो. आणि अमरावतीला होते दादासाहेब खापर्डे, टिळकांचे जिवलग, नामांकित वकील, १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हाचे स्वागताध्यक्ष. बोलायला बसले की सभा लोळवायचे. या माणसाने डायरी लिहिली ती मात्र इंग्रजीत. १९१० ते १९१२ या काळात ते शिर्डीला जाऊन राहिले, तेव्हा साईबाबा मशिदीत बसून काय बोलले, कोणती गोष्ट सांगितली, हे ते रोजच्या रोज डायरीत टिपत. बाबा बोलायचे ते आपल्या भाषेत, तुटक, मध्येच कोणावर तरी खेकसत, गोष्टीला शेंडा ना बुडखा. खापर्डे बिऱ्हाडी येऊन ते इंग्रजीत उतरवायचे. आज शिर्डीच्या त्या दिवसांचा अभ्यास करणाऱ्याला खापर्ड्यांच्या डायरीशिवाय गत्यंतर नाही आणि मला ती वाचताना सारखं वाटतं की बाबांच्या आवाजातलं सारं खरखरीत तेवढं इंग्रजीने पायरीवरच ठेवून घेतलं. फकिराला फकिरासारखं बोलू द्यायचं तर अमरावतीच्या एखाद्या पोट्ट्याला मशिदीत बसवायला हवं होतं.

इनडायरेक्टमध्ये हरलेला वऱ्हाडी माणूस 'इफ'च्या प्रकरणात मात्र सरांनाच शिकवेल. पुस्तकात याचे मुख्य तीन प्रकार दिलेले असतात. पहिला होण्यासारख्या गोष्टीचा, दुसरा न होण्यासारख्या गोष्टीचा आणि तिसरा झाली असती पण हुकली अशा गोष्टीचा. इंग्लंडात हे तीन प्रकार कसे शिकवतात कोण जाणे, वारंवार पाऊस पडणाऱ्या देशात 'पाऊस पडला तर' याला धारच नसणार. कोरडवाहू कापसाच्या मुलखात एका खरिपात तिन्ही प्रकार उरकतात.

जूनमध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून सल्ला येतो की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. बोर्डाच्या पेपरात जो 'अनलेस' एका मार्काला येतो तो इथे बियाण्याच्या पिशव्यांच्या भावात येतो. शेतकरी आभाळ पाहतो, शेजाऱ्याचं तिफण पाहतो, चाळीस मिलिमीटरवर धीर सुटतो आणि पेरतो. मग पावसाचा खंड पडतो, पहिला प्रकार संपतो आणि दुबार पेरणी नावाचा दुसरा सुरू होतो. तिसऱ्या प्रकाराला दिवाळीनंतरचा हंगाम. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या वर्षी तोच भाव परत येईल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला, खोल्या कापसाने भरल्या, माणसं ओसरीवर झोपली, अंगाला खाज सुटली, भाव मात्र सात-आठ हजारांच्या आसपास रेंगाळत राहिला. "तवाच इकला असता तं!" थर्ड कंडिशनल शिकवायला याहून चांगलं वाक्य कोणत्या पुस्तकात असेल तर दाखवा. आणि अशा माणसाच्या मुलाला सर विचारतात, 'वुड हॅव'नंतर काय येतं? सर, व्यापारी येतो.

तरी मुलं परीक्षेत चुकतात आणि एकाच जागी चुकतात. 'इफ रेन केम, वी विल सो.' सर लाल शाईने 'केम' खोडतात, 'कम्स' करतात आणि म्हणतात की पाऊस अजून यायचा आहे, भूतकाळ कुठून आणला? मुलाने तो घरून आणलेला असतो. "पाणी आलं तं पेरू." आपल्याकडे येणारा पाऊस 'आलं'च असतो. येणारं सारंच आपल्याकडे आलेलं असतं. अकोल्याचा माणूस अजून बडनेऱ्याच्या फलाटावर उभा असतो, गाडी सुटलेली नसते आणि तो फोनवर सांगतो, "आलोच!" घरी भात टाकतात. त्याच्या बायकोला जर कोणी सांगितलं की इंग्रजीत भूतकाळ घालून बोललेली अट खरी होणारी नसते, तर ती म्हणेल, मराठीतही नसते.

'राह्यलो'मुळे मात्र आमची पोरं एका ठिकाणी तरी सुखात असतात. जाऊन राह्यलो, खाऊन राह्यलो, कंटिन्युअस टेन्स आईच्या दुधातूनच आलेला. फक्त ती थांबत नाहीत. आय ॲम नोइंग, आय ॲम हॅविंग, आय ॲम बिलॉन्गिंग टू दर्यापूर. शेवटच्यात तर मला चूक दिसतच नाही. दर्यापूरचं असणं ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही.

मुळात वऱ्हाड हा प्रांतच जर-तरमध्ये वाढला. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला, मालकी निजामाची राहिली. १९०२ मध्ये कर्झनने तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला, मालक तरीही निजामच. १९३५ च्या कायद्याने मध्यप्रांत आणि वऱ्हाड मिळून एक प्रांत आहे असं 'मानण्यात येईल' असं ठरवलं. आणि निजामाच्या युवराजाला किताब दिला वऱ्हाडच्या युवराजाचा, ज्यात वऱ्हाड नव्हतं, फक्त 'असतं तर' होतं. मग स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ८ ऑगस्ट १९४७ ला अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्र झाला तर वऱ्हाडाला वेगळा उपप्रांत, वेगळं विधिमंडळ. आणि ते जमलं नाही तर? तर वेगळा महाविदर्भ. एका करारात इफ आणि अनलेस दोन्ही, दहावीचा पेपर काढणाऱ्यांनीसुद्धा एवढं एका प्रश्नात मागितलेलं नाही. १९५३ चा नागपूर करार त्यानंतरचा. त्यातलं विधिमंडळाचं अधिवेशन दर हिवाळ्यात नागपूरला भरतं, आणि बाकीच्या कलमांवर बोलताना आमचे पुढारी आजही फार सफाईने 'शुड हॅव बीन' वापरतात.

या बाबतीत अमरावती-अकोला रस्त्यासारखा वस्तुपाठ नाही. कित्येक वर्षं हा रस्ता 'झाला असता'मध्ये होता. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे जाताना पाठीच्या मणक्यांवर बोलत. मग जून २०२२ मध्ये काय झालं कोणास ठाऊक, लोणी ते माना अशा पट्ट्यात पंचाहत्तर किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरलं गेलं आणि गिनेस बुकात नोंद झाली. व्याकरणदृष्ट्या ही आपत्ती होती. थर्ड कंडिशनलमधून माणसं मधले टेन्स न घेता एकदम प्रेझेंट परफेक्टमध्ये येऊन पडली. मूर्तिजापूरच्या चहाच्या टपरीवर दोन म्हातारे बोलत होते. "रस्ता झाला म्हने." "झाला म्हने काय बे, तू उभा हायेस त्याच्यावर." "हो. पन झाला म्हने." बेलोऱ्याच्या विमानतळाचंही तसंच. 'विमान आलं तर' यावर अमरावतीच्या दोन पिढ्यांनी गप्पा मारल्या, १६ एप्रिल २०२५ ला खरंच प्रवासी विमान आलं आणि गप्पांचा एक विषय कमी झाला. त्याची भरपाई कोणी दिलेली नाही.

दहावीच्या निबंधात हा 'तर' दरवर्षी येतो. मी पंतप्रधान झालो तर, मी मुख्याध्यापक झालो तर. मराठीत विषय वाचला की मुलाला वाटतं, होऊही शकतो. इंग्रजीत विषय येतो 'इफ आय वेअर', आणि 'वेअर' पाहताक्षणी पेपर काढणाऱ्याने मुलाला सांगून टाकलेलं असतं की बेटा, तू काही होत नाहीस, कल्पना कर आणि दीडशे शब्दांत आटप. अमरावतीच्या एका ट्यूशनमध्ये २०२५ च्या पावसाळ्यात असाच विषय आला, 'इफ आय वेअर द चीफ जस्टिस ऑफ इंडिया'. त्या मे महिन्यातच भूषण गवई सरन्यायाधीश झाले होते. अमरावतीचे, नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले. मागच्या बाकावरच्या पोराने निबंध सुरू केला तो 'इफ आय बिकम' असा. सरांनी वही वर धरून विचारलं, "वेअर काहून नाही लेहलं? न होणाऱ्या गोष्टीले वेअर येते, किती वेळा सांगतलं?"

"सर, मीबी त्याच शाळेतला हावो."

सर थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले. मग 'बिकम' तसंच ठेवलं आणि चीफ जस्टिसमधल्या 'चीफ'चं स्पेलिंग चुकलं होतं, त्याचा अर्धा मार्क कापला.